अक्काच्या लेकीचे मुके तोडे

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या धरणगावच्या आत्याचा. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, म्हणून आम्ही भाचरेही अक्काच म्हणत असू. देव, गुरुजन आणि विद्यापीठ यांचे आभार मी त्यांच्या मानाप्रमाणे यथाक्रम मानीन. पण पहिला नमस्कार अक्काला. मला शाळेत देवाने घातले नाही, अक्काने घातले, आणि तेही कानाला धरून.

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी शाळेची पायरी चढले असेल, तर ते पावसात आडोसा शोधताना. जळगावजवळ मेहरूणच्या तळ्याच्या वरच्या अंगाला आमचे शेत होते. वडिलांना, म्हणजे नानांना, मी बैलांमागे नीट चालतो एवढ्यावर समाधान होते. अक्का त्यांची थोरली बहीण. एकदा ती माहेरी आली असताना तिने मला गोठ्यात वासराला पाढे शिकवताना पाहिले. पाढे मी कुठून तरी ऐकलेले होते आणि सगळे चुकीचे होते. तिने नानांना सांगितले की वासरू हुशार दिसते, पण पोराला मास्तर लागेल. आणि मला धरणगावला घेऊन गेली. मॅट्रिक होईपर्यंत मी तिच्याच घरी जेवलो. तिच्या यजमानांना आम्ही मामा म्हणत असू. मामा फार कमी बोलत, कारण त्या घरात बोलण्याची सगळी जागा अक्काने आधीच व्यापलेली होती.

पुढे पुण्याला कॉलेजात गेलो. राहायला जी खोली मिळाली तिच्याखाली चांदीकाम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराचे दुकान होते. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसायचो. आधी नुसता बसलो, मग फुंकणी हातात आली, मग हातोडी. पदवीसाठी मी काय काय वाचले ते आज विचारू नका. पण मुशीत चांदी वितळते तेव्हा तिच्यावर क्षणभर जो आरसा येतो, तो पहिल्यांदा पाहिला ती संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे.

बी.ए. होऊन घरी आलो तेव्हा नानांनी मला हार घातला, कोट शिवला आणि धुळ्याच्या कोर्टात कारकुनाची जागा एका ओळखीच्या माणसाकडून जवळजवळ ठरवूनही टाकली. राज्य इंग्रजांचे होते; कोर्टातला कारकून म्हणजे त्या राज्याचा निदान एक खिळा तरी. आमच्या घरातून सरकारला आजवर फक्त सारा गेला होता, आता माणूस जाणार होता. अशा वेळी मी नानांना सांगितले की मला चांदीचे दागिने घडवायचे आहेत. कोणाच्या पेढीवर बसून नाही, माझ्या मनाने, खडे बसवून.

नाना बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग बैलालाच म्हणाले, "फुंकायचंच होतं तर घरची चूल काय वाईट होती?"

त्यानंतर गावाने बोलायचे ते बोलून घेतले. कुणब्याच्या पोराने सोनारकी करावी हे कुणब्यांना आवडले नाही आणि सोनारांना तर मुळीच नाही. जळगावच्या सराफ्यात मला ‘पदवीधर सोनार’ म्हणू लागले, आणि हे दोन शब्द एकत्र उच्चारताना तोंडातले पान सांडेल इतके हसू लागले. मी गोठ्याच्या एका कोपऱ्यात ऐरण रोवली. समोर म्हैस बांधलेली असे. माझे काम पाहून तोंड न वाकवणारी मेहरूणमध्ये तेवढी एकच होती.

प्रकरण धरणगावला कळले तशी अक्का आली. नानांनी सगळे गाऱ्हाणे सांगितले. ती ऐकत ऐकत माझे हत्यार न् हत्यार उचलून पाहत होती. शेवटी नानांना म्हणाली, "बठ्ठा गाव कारकून व्हई जाई, ते मना तोडा कोन घडी?"

नानांना बहिणीपुढे बोलता येत नसे, पण या वेळी त्यांनी थोडा धीर केला. ठरले ते असे: आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, मुदत. तोवर या धंद्यात माझे पाय टेकले तर ठीक, नाही तर आखाजी झाली की कोट घालून धुळ्याला जायचे आणि पुन्हा फुंकणीचे नाव काढायचे नाही. मी कबूल झालो. अक्काने निघता निघता मला पहिले काम दिले. माघात तिच्या लेकीचे लग्न होते, धुळ्यात, सरकीच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरी. नवरीच्या पायांतले तोडे मी करायचे. भरमांडवात, व्याह्यांच्या डोळ्यांसमोर माझी परीक्षा व्हावी अशी तिची इच्छा होती. परीक्षा फसली असती तर अक्काचेही नाक कापले गेले असते, हे तिला ठाऊक होते.

मी कामाला लागलो. खडे विकत आणलेले नव्हते. गिरणेच्या पात्रात अकीक सापडतो. पाणी ओसरले की गोट्यांत मधाच्या रंगाचे, आत पांढऱ्या रेघा असलेले तुकडे दिसतात. ते वेचून मी मेहरूणच्या वाटेवर राहणाऱ्या एका चाचांकडे नेत असे. त्यांच्याकडे सान, म्हणजे दगड घासायचे चाक, होते आणि अकीक घासण्यात त्यांची हयात गेली होती. मी त्यांना रेघांच्या सौंदर्यावर बरेच काही सांगायचो. ते सान फिरवता फिरवता म्हणत, "बाबू, पत्थर को मालूम नहीं के तुम बी.ए. हो. जरा पानी डालो." मी पाणी घालायचो.

तोडे पोकळ घडवले. वर वेलीची नक्षी, मध्ये प्रत्येकी एक मोठा अकीक. आता आमच्याकडे पोकळ तोडा केला की आत छर्रे टाकतात. बाई चालली की छुम् छुम् वाजतो. मला तो आवाज गावंढळ वाटे. शिवाय पातळ पत्र्याला पोचे पडतात आणि खड्याला खालून आधार राहत नाही. म्हणून मी छर्रे टाकलेच नाहीत. आत लाख वितळवून ओतली आणि तोडे गच्च भरून टाकले. इतके सुबक, इतके शांत तोडे खानदेशात कोणी केले नसतील असे मला वाटले. ते खरेच होते, आणि का केले नव्हते हे मला लवकरच कळायचे होते.

मांडवात बायकांनी तोडे हातोहात पाहिले. खड्यावरून बोटे फिरली, रंगाचे कौतुक झाले. मग एका म्हाताऱ्या बाईने तोडा कानाशी नेऊन हलवला, नारळ हलवतात तसा, आणि परत ताटात ठेवला. अक्काचे लक्ष तिच्याकडे होते. पण नवरी हसत होती, व्याही मिशीला पीळ देत होते, आणि जेवणावळ उठायची होती. तेव्हा तेवढ्यावर भागले.

हे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे, धुळ्यातले वजनदार गृहस्थ. त्यांच्या एकादशीची ख्याती होती. उपास सगळेच करतात, पण हे उपास करीत तो ओट्यावर बसून. येणाऱ्या-जाणाऱ्याला कळावे की आज यांच्या पोटात फक्त तुळशीपत्र आहे. संध्याकाळपर्यंत चार लोक पाया पडून जात.

फाल्गुनात व्याह्यांचा माणूस धरणगावला आला. त्याच्याजवळ फडक्यात बांधलेले तोडे होते आणि निरोप होता: तोड्यांतला खडा आमच्या घराला मानवत नाही, तोडे परत घ्यावेत, सुनेला आम्ही दुसरे करू. झाले काय होते ते माणसाला सांगता येईना. एकादशीच्या दिवशी मालकांचा श्वास अडकला, जीव जायचाच राहिला, आणि तेव्हा सून समोर होती, एवढेच त्याला माहीत होते. ज्योतिष्याने पत्रिका पाहिली, मग तोडे पाहिले, आणि दोष नदीतल्या दगडावर ठेवला.

खडा मानवला नाही ही बातमी रेल्वेच्या आधी जळगावला पोचली. ज्याने घाट वाईट काढला त्याचा दुसरा दागिना लोक पाहतात. पण ज्याचा खडा वाईट निघाला त्याच्या दारावरून लोक पोरांनाही जाऊ देत नाहीत. एका बाईने माझ्याकडून नेलेली अंगठी गोठ्याच्या दाराशी ठेवून पळ काढला. नानांनी फक्त कोट उन्हात टाकला.

मला मात्र कळेना. असा अकीक आमच्याकडे पोराटोरांच्या गळ्यात असतो, त्याने कोणाचा श्वास कसा अडकेल? चाचांनाही विचारले. ते म्हणाले, दगड गळ्यात अडकला असेल तर गोष्ट वेगळी.

आखाजी आली. लग्न झाल्यावरची पहिली आखाजी, म्हणून अक्काची लेक माहेरी आलीच. मीही मुदत संपत आली म्हणून निरोप घ्यायला धरणगावला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी अक्काबरोबर धुळ्याला जायचे, ती लेकीला पोचवणार आणि मी कोर्टात हजर होणार, असे नानांनी ठरवून दिले होते. निंबाला झोके बांधले होते आणि गल्लीतल्या सगळ्या सासुरवाशिणी सासरच्या माणसांवर गाणी रचून म्हणत होत्या. अक्काची लेक झोक्यावर बसली आणि हसू लागली. मग झोका थांबवून, आईला जवळ ओढून, तिने खरा प्रकार सांगितला. मी ओसरीवर होतो. अर्धा तिच्या तोंडून ऐकला, उरलेला अक्काने नंतर ठसके लागेपर्यंत हसत सांगितला.

त्या घरात रीत अशी की सुनेच्या पायांचा आवाज आला की सासऱ्याने खाकरायचे, सुनेने पदर पुढे ओढायचा आणि दोघांनी एकमेकांना पाहिले नाही असे करून निघून जायचे. रीत जुनी आणि सोयीची आहे. त्या एकादशीला अक्काची लेक म्हशीसाठी सरकी आणायला कोठीत गेली. माझे तोडे वाजले नाहीत. आत सरकीच्या ढिगाआड सासरे मांडी घालून बसले होते. पुढ्यात आदल्या रात्रीचे वांग्याचे भरीत, वर कांद्याची पात, आणि हातात कळण्याच्या भाकरीचा मोठा तुकडा. सुनेला एकदम समोर पाहून त्यांनी तो तुकडा लपवायला जी जागा हाताशी होती तिथे लपवला, म्हणजे तोंडात. आणि तो घशात बसला.

डोळे पांढरे व्हायला लागले. आता सासऱ्याच्या अंगाला हात लावायचा नाही, त्यांच्याशी बोलायचे नाही, आणि ओरडावे तर घर गोळा होऊन भरीत पाहील. तिने पदर दातांत धरला, कोपऱ्यातले सूप उचलले आणि सासऱ्याच्या पाठीत हाणले. दुसऱ्या की तिसऱ्या सुपाला तुकडा बाहेर आला. मग तिने सरकी घेतली आणि ती म्हशीकडे गेली. बिचारीने सासरी एक अक्षर काढले नव्हते; श्वास अडकल्याचे सासऱ्यांनीच सांगितले होते, भरीत वगळून.

मी म्हणालो, चला, आता सगळ्यांना सांगू, माझा खडा निर्दोष आहे. अक्काने माझ्याकडे असे पाहिले की मला माझे पाढे आठवले.

"तुले खडा सोडवाना शे," ती म्हणाली. "माले मनी आंडेर त्याच घरमा नांदवानी शे."

म्हणजे सासऱ्याची अब्रू गेली की तिच्या आंडेरचे, लेकीचे, सुख गेले. आणि अब्रू राहिली की माझे दुकान गेले. मी कोट अंगावर चढवून पाहिला. त्या रात्री तरी मला दुसरा रस्ता दिसत नव्हता. अक्का मात्र मामांना वांगी शोधायला पाठवत होती. हंगाम सरलेला, वांगी बियाळ आणि कडवट. तरी तिने ती काड्यांच्या जाळावर भाजायची ठरवले. पण लगेच नाही. नानांनी ठरवलेले जाणे तिने पुढे ढकलले आणि कारण विचारणाऱ्याला पंचांग दाखवले.

निघालो तो एकादशीच्या दिवशी. एरंडोल-पारोळ्यावरून सर्व्हिसची मोटर धुळ्याला जाई. मी कोट घालून, मांडीवर पिशवी घेऊन. पिशवीत कोर्टाचा अर्ज, आणि अक्काने बजावल्यामुळे फुंकणी, चिमटे आणि जोडकामाचा टाकणखारही. शेजारी अक्काची लेक, आणि अक्काच्या मांडीवर फडक्यात बांधलेले पातेले. सगळ्या मोटरीला भरिताचा वास सुटला होता आणि ड्रायव्हर दर वळणावर मागे पाहत होता.

व्याही ओट्यावर बसलेले होते. पाच-सहा शेजारी भोवती. लेक पदर पुढे ओढून आत गेली. अक्काने डोक्यावर पदर घेतला, खाली बसली आणि पातेले त्यांच्याजवळ सरकवले. तिला धुळ्याची शुद्ध भाषा बोलायची असली की ती फार हळू बोले.

"व्याहीबुवा, आज तुमची एकादशी, ते मला ठाऊक आहे. हे उद्यासाठी. आमची लेक सांगते, तुमच्याकडे सरकीच्या कोठीत गार असतं. तिथं ठेवते, म्हणजे बिघडणार नाही."

व्याह्यांच्या मिशीची दोन्ही टोके एकदम खाली आली. ते पातेल्याकडे पाहत राहिले. दाराआड बांगड्यांचा आवाज झाला. सून तिथे उभी होती. शेजारी आपसांत वासाचे कौतुक करू लागले.

"आणि त्या खड्याचं," अक्का पुढे म्हणाली, "माझा भाचा आलाय. त्याला नीट सांगा, काय मानवलं नाही ते. तो शिकलेला आहे, राग येणार नाही."

व्याहीबुवा खाकरले. बराच वेळ खाकरले. "खडा... खडा तसा वाईट नाही," ते म्हणाले. "ज्योतिषी घाईत होता. दोष खड्याचा नव्हे. तोड्यांना आवाज नव्हता. सुनेच्या पायाला आवाज हवा."

आणि मी मान्य केले पाहिजे, ते मनापासून बोलत होते.

अक्काने लगेच तोडे ओट्यावर ठेवले आणि आत्ता, सगळ्यांच्या देखत, आवाज घालून द्यायला मला सांगितले. शेगडी आली, सराफ्यातून तयार घुंगरू आणि थोडी तार आली. मी पिशवी उघडली आणि माझ्या लक्षात आले की तोड्यांना आता झाळ, म्हणजे तापवून जोड, देता येणार नाही. आत लाख भरलेली. जाळ लागला की ती वितळून बाहेर येणार आणि खडा तडकणार. सगळे पाहत होते. मग मी तोड्यांना हातच लावला नाही. तारेची बारीक साखळी वेगळी केली, तिला घुंगरू झाळले, आणि टोकाला आकडा ठेवला. साखळी तोड्याभोवती घालायची आणि आकडा अडकवायचा. झाळताना निखारा फुटला आणि ठिणगी कोटावर पडून छातीवर अधेलीच्या नाण्याएवढे भोक पडले.

तोडे आत गेले. छुम् छुम् आवाज ओट्यापर्यंत आला, व्याह्यांनी डोळे मिटून तो ऐकला. थोड्या वेळाने आवाज थांबला. मग पुन्हा आला. पुन्हा थांबला. आत ती आकडा काढघाल करून पाहत होती. अक्का दाराकडे न बघता नुसती हसली.

जळक्या कोटाने मी कोर्टात गेलो नाही. जायचे म्हटले तरी वेळ नव्हता, कारण दिवस मावळायच्या आत त्या गल्लीतल्या तीन घरांतून मोलकरणी विचारायला आल्या: ते आकड्याचे घुंगरू कोण करतो, आणि सासूबाईंना न सांगता करून देईल का. अक्का पहिल्या मोटरीने धरणगावला परतली. मी धुळ्यात एक ओसरी भाड्याने घेतली. पोळ्याच्या आधी तिला जे पत्र लिहिले ते असे:

अक्का,

पाया पडतो. नमस्काराच्या आणि खुशालीच्या ओळी पत्र वाचणाऱ्या मास्तरांना तोंडपाठ आहेत, त्या त्यांनी आपल्या मनाने म्हणाव्यात. मी पुढचे लिहितो.

तुझी लेक मजेत आहे. घरात चार माणसे असली की घुंगरू लावते, कोठीकडे जायचे असले की आठवणीने लावते, आणि दुपारी सगळे झोपले की काढून ठेवते आणि गच्चीवर जाते. व्याहीबुवा आता कोठीत शिरण्याआधीच खाकरतात, रिकाम्या कोठीलासुद्धा. परवा त्यांनी माझ्याकडून अकिकाची अंगठी करून घेतली. ओट्यावर बसून सर्वांना दाखवतात की हा खडा फार मानवतो, श्वासाला तर विशेष. तुझ्या भरिताचे पातेले त्यांनी परत दिले आहे, घासून.

नाना आले होते. दारात उभे राहून बराच वेळ पाहत होते. मी वाट पाहत होतो की आता कोर्टाचे काढतील. त्यांनी फडके सोडले, आत आपल्या बैलांच्या शिंगांच्या पितळी शेंब्या होत्या, एक चेपलेली. म्हणाले, पोळ्याला हव्यात. मी चांदीचा कारागीर, पितळेला हात लावत नाही, असे म्हणणार होतो, म्हणालो नाही. त्या इतक्या उजळ केल्या आहेत की बैलाला आरसा लागणार नाही. जाताना त्यांनी कोट मागून घेतला. भोकाला ठिगळ लावून शेतात घालणार आहेत.

अक्का, तू विचारले होतेस, तुझे तोडे कोण घडवील. सोबत पाठवतो आहे ते. खडे गिरणेचेच, चाचांनी घासलेले. ते म्हणाले, या बाईंच्या खड्याला पाणी मी स्वतः घालतो. आत लाख भरली आहे. मला शाळेत घातलेस त्याची ही फेड नव्हे. ती होणार नाही, हे पाढे चुकले तरी मला कळते. पण हे तोडे मी माझ्या मनाने केले आहेत, आणि तसे करता आले ते तुझ्यामुळे.

घुंगरू वेगळ्या पुडीत बांधले आहेत. लावायचे की नाही ते तू ठरव. मामांना विचारू नकोस. मास्तर, हे शेवटचे वाक्य मामा घरात असतील तर हळू वाचा.

तुझा भाचा